शरीराचे अस्तर

खेळताना कधी तुमचा हात भिंतीला घासला असेल. कातडीवर नुसती पांढरी रेघ उमटली असेल, पण रक्त आले नसेल. दुसऱ्या एखाद्या वेळी मात्र खरचटताच रक्त आले असेल. असे का होते बरे?

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर केवळ पेशींचा असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. ओरखडा तेवढ्याच थरात राहिला, तर रक्त येत नाही. तो खाली गेला, की रक्तवाहिन्या तुटतात आणि रक्त येते. एकत्र राहून ठरावीक काम करणाऱ्या पेशींच्या समूहाला ऊती म्हणतात. त्वचेचा हा वरचा थर ज्या ऊतीचा बनलेला असतो, तिला 'अभिस्तर ऊती' असे नाव आहे.

तुमच्या घरी रजई असेल. तिला एका बाजूने अभ्रा असतो, तर दुसऱ्या बाजूने अस्तर असते. आपल्या शरीरालाही अशी दोन्ही आवरणे आहेत. बाहेरून त्वचा आहे. तोंड, अन्ननलिका, आतडी, श्वासनलिका आणि रक्तवाहिन्या यांना आतून अस्तर आहे. ही दोन्ही कामे अभिस्तर ऊतीच करते. तिच्या पेशी भिंतीतल्या विटांप्रमाणे एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. त्यांच्याखाली एक पातळ आधारपटल असते. त्याच्याही खाली असलेल्या रक्तवाहिन्यांतून अन्न आणि ऑक्सिजन झिरपून या पेशींपर्यंत पोहोचतात.

छत्रीचे कापड वेगळे आणि चहा गाळण्याचे फडके वेगळे. जसे काम, तसे कापड. शरीराच्या अस्तराचेही तसेच आहे.

आपल्या फुप्फुसांत सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. तेथे हवेतील ऑक्सिजन रक्तात जायचा असतो, म्हणून तेथील अस्तर अतिशय पातळ असते. त्यात चपट्या पेशींचा एकच थर असतो. हे झाले 'सरल पट्टकी अभिस्तर'.

त्वचेला मात्र ऊन, धूळ, जंतू आणि घर्षण सोसायचे असते. तेथे पेशींचे अनेक थर एकावर एक रचलेले असतात. याला 'स्तरित अभिस्तर' म्हणतात. वरच्या मृत पेशी झिजून गळून पडतात आणि खालून नव्या पेशी वर येतात. साधारणपणे चार ते सहा आठवड्यांत हा वरचा थर नवा होतो. तोंडात आणि अन्ननलिकेतही असेच अनेक थर असतात.

रमजानमध्ये तुम्ही खजूर खाऊन रोजा सोडता. थोड्याच वेळात अंगात तरतरी येते. खजुरातील साखर रक्तात पोहोचवण्याचे काम लहान आतड्याचे अस्तर करते. तेथील पेशी खांबांसारख्या उंच असतात. हे 'स्तंभीय अभिस्तर' होय. प्रत्येक पेशीच्या टोकाला अगदी बारीक बोटांसारखे उंचवटे असतात. त्यामुळे अन्नरस शोषण्यासाठी पुष्कळ जागा मिळते.

आपली वृक्के दिवसाला सुमारे १८० लीटर द्रव गाळतात. पण लघवी होते ती दीड-दोन लीटरच! बाकीचे पाणी आणि उपयुक्त क्षार शरीराला परत मिळतात. या कामात वृक्कातील बारीक नलिकांच्या चौकोनी पेशींचा मोठा वाटा असतो. त्यांच्या थराला 'घनाभरूप अभिस्तर' म्हणतात. घाम, लाळ आणि श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशीही याच ऊतीच्या असतात. त्यांना 'ग्रंथिल अभिस्तर' म्हणतात.

आता श्वासनलिकेत डोकावू या. येथील पेशींवर केसांपेक्षाही कितीतरी बारीक रोम असतात. श्वासाबरोबर आत आलेली धूळ चिकट श्लेष्म्यात अडकते. हे रोम सतत हलत राहतात आणि तो श्लेष्मा घशाकडे ढकलतात. जणू रात्रंदिवस झाडू मारणारे सफाई कामगारच! याला 'रोमक स्तंभीय अभिस्तर' म्हणतात.

बिडी-सिगारेटच्या धुराने हे रोम मंदावतात. वर्षानुवर्षे धूर आत जात राहिला, तर रोम असलेल्या पेशी नष्ट होऊ लागतात आणि त्यांच्या जागी चपट्या पेशी येतात. चपट्या पेशी धूर सोसतात, पण त्यांना झाडू मारता येत नाही. साचलेला श्लेष्मा मग खोकूनच बाहेर काढावा लागतो. पुष्कळ धूम्रपान करणाऱ्यांना सकाळी खोकल्याची उबळ येते, ती यामुळेच.

तंबाखू आणि गुटखा तोंडाच्या अस्तराला अशीच इजा करतात. तोंडात पांढरे चट्टे पडतात. सुपारीच्या सवयीने अस्तराखालचा भाग ताठर होतो आणि तोंड पुरते उघडेनासे होते. पुढे कर्करोगही होऊ शकतो. माणसाला होणारे बहुतेक कर्करोग अभिस्तर ऊतीतूनच सुरू होतात. तोंडातील चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर ती डॉक्टरांना दाखवावी.

मुलांनो, हे अस्तर रोज झिजते आणि रोज नवे होते. धूम्रपान सोडले, तर श्वासनलिकेतील रोमही हळूहळू पुन्हा कामाला लागतात. मात्र सगळेच नुकसान भरून येत नाही. म्हणून कोणी मित्राने गुटख्याची पुडी पुढे केली, तर तुम्ही 'नको' म्हणा. आणि का नको, हेही त्याला समजावून सांगा.