नांदेड-44 आणि बियाण्याची मालकी

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राच्या शिवारात, श्रावण-भाद्रपदाच्या दिवसांत, दुपार कलली की मजूर स्त्रिया मादी वाणाच्या ओळींत शिरतात आणि उद्या उमलणार म्हणून फुगून पिवळसर झालेल्या कळ्या तेवढ्या नेमक्या हेरतात. अंगठ्याचे नख कळीच्या बुडाशी रुतवून पाकळ्यांसह पुंकेसरांची नळी एका हलक्या पिळ्याने अशी अलग करतात, की आतील कोवळ्या बीजांडकोशास ओरखडाही पडू नये. आणि मग उघड्या पडलेल्या स्त्रीकेसरावर लाल कागदाची पुडी चढते. दुसऱ्या दिवशी दव ओसरल्यावर नर वाणाची ताजी फुले घेऊन त्याच बाया परततात, पुडी उतरवून केसराच्या टोकाला पराग लावतात आणि देठाला दोरा बांधतात. एका नर फुलावर चार-पाच मादी फुले भागतात. वेचणीच्या वेळी दोरा असलेले बोंडच बियाण्यासाठी धरले जाते. संकरित सरकीचा प्रत्येक दाणा असा कुणाच्या तरी बोटांतून गेलेला असतो.

बीएन-1 ही मादी आणि एसी-738 हा नर यांच्या अशाच संकरातून या केंद्राने 1984 साली एनएचएच-44 हा वाण दिला. शेतकऱ्यांनी त्याला 'नांदेड-44' म्हटले. सार्वजनिक द्रव्यावर चालणाऱ्या कृषी विद्यापीठाचे हे अपत्य कोरडवाहू जमिनीत तग धरी, आणि म्हणूनच ते मराठवाड्याची वेस ओलांडून परप्रांतांतही रुजले.

मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बाजाराचे स्वरूप पालटले. बोंडअळीस मारक असे हे बीटी जनुक एका परदेशी कंपनीच्या भागीदारीत चालणाऱ्या संस्थेच्या हाती होते. ज्या कंपनीने परवाना-शुल्क भरले तिलाच ते मिळे. 450 ग्रॅमची पुडी सुमारे 1600 रुपयांना विकली जात असता त्यांतील 1250 रुपयांच्या आसपास रक्कम या शुल्कापोटी जाई, म्हणजे संबंध झाडाच्या मोलापेक्षा त्यातील एका जनुकाचा मक्ता महाग ठरला. आंध्र प्रदेश सरकारने 2006 साली मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितल्यावर पुडी 750 रुपयांवर आली. महाराष्ट्राने 2009 मध्ये किंमत ठरवण्याचा कायदा केला. केंद्र सरकारने 2016 मध्ये 800 रुपयांच्या पुडीत शुल्क 49 रुपयांवर आणले आणि 2020 मध्ये ते शून्य केले. मधल्या काळात जनुकावाचून राहिलेला नांदेड-44 दुकानांतून जवळजवळ दिसेनासा झाला. पुढे महाबीज या राज्य बियाणे महामंडळाच्या साह्याने तो बीटी रूपात परतला, परंतु तोवर गुलाबी बोंडअळीने त्या जनुकालाच दाद देणे सोडले होते.

सरकीचे तेल माणसाच्या पोटात आणि पेंड दुभत्या जनावराच्या गव्हाणीत जाते, म्हणून बियाण्याचा हा प्रश्न केवळ कापडाचा नाही. वाण-संरक्षण व शेतकरी-हक्कांच्या 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखून ठेवण्याचा हक्क दिला आहे, पण संकरित वाणाची पुढील पिढी विस्कटते, आणि तो हक्क दस्तऐवजातच राहतो. दरसाल दुकानाची पायरी चढणे सुटत नाही. त्यावरचा उतारा नांदेडच्या याच केंद्रात घडला आहे. एनएच-1901, 1902 आणि 1904 हे बीटी सरळ वाण त्याने सिद्ध केले आहेत, ज्यांची सरकी शेतकरी आपल्या घरी ठेवून पुढच्या मृगाला पुन्हा पेरू शकतो.

ज्या शास्त्रज्ञांनी असे वाण निपजवले त्यांच्या केंद्राला पुरेसा निधी, भरलेली पदे आणि गावोगाव बियाणे पोचवणारी यंत्रणा देणे हे शासनाचे आद्य कर्तव्य होय. कारण बियाण्याच्या व्यवहारातला न्याय दरनिश्चितीच्या हुकमाने अर्धाच साधतो, उरलेला अर्धा शेतकऱ्याच्या कणगीत स्वतःचे बी असण्यावर अवलंबून असतो.