कोकराच्या पोटातली लढाई: जंत, जस्त आणि तांबं

पावसाळ्यात माळ हिरवा झाला की कोकरं गवतावर तुटून पडतात. त्याच ओल्या पात्यांवर जंतांच्या अळ्याही चढून बसलेल्या असतात. या लढाईत कोकराला औषधाच्या बाटलीइतकीच गरज असते ती खनिजांची, तीही अगदी कणभर.

रक्तपित्या पिळदार जंत
हिमोंकस कंटॉर्टस हा मेंढ्यांचा सगळ्यात घातक जंत. त्याचा मुक्काम पोटाच्या चौथ्या कप्प्यात. मादीचं रक्ताने भरलेलं लाल आतडं आणि त्याभोवती पांढऱ्या अंडाशयाचा पिळा साध्या डोळ्यांनीही दिसतो. एक जंत रोज साधारण ०.०५ मिलीलीटर रक्त गमावायला लावतो. हजार जंत असले तर दिवसाला ५० मिलीलीटर! दहा किलोच्या कोकराच्या अंगात सगळं मिळून पाऊण लिटरही रक्त नसतं.

औषधाला तीन वर्षांत उत्तर
थायबेंडाझोल हे नव्या युगाचं जंतनाशक १९६१ मध्ये आलं. १९६४ पर्यंत त्याला दाद न देणाऱ्या जंतांची नोंदही झाली. म्हणून कोकराची स्वतःची प्रतिकारशक्ती मोलाची.

जंत आखूड, अंडी कमी
प्रतिकारशक्ती जंताला बाहेर काढते, तशी त्याची वाढही खुंटवते. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अळ्यांवर चाल करून जातात, आतड्यातला बुळबुळीत स्राव वाढतो. टेलाडॉर्सेजिया या थंड मुलखातल्या जंतावर स्कॉटलंडमध्ये झालेल्या अभ्यासांत दिसलं, की आयजीए ही प्रतिपिंडं भरपूर असतील तर माद्या आखूड राहतात आणि अंडीही कमी घालतात. कोवळ्या कोकरात मात्र ही फौज अजून तयार व्हायची असते.

जस्त: फौजेचा रोजचा शिधा
लढाऊ टी पेशी थायमस ग्रंथीत तयार होतात. या ग्रंथीचं थायमुलिन हे संप्रेरक जस्ताशिवाय कामच करत नाही. शरीरात जस्ताचा मोठा साठा राहत नाही, त्यामुळे ते चाऱ्यातून नेहमी मिळत राहावं लागतं.

हिरव्या कुरणात उपासमार
ऑस्ट्रेलियात काही भागांत मेंढ्या भरपूर गवत खाऊनही झिजून मरत. १९३० च्या दशकात कारण सापडलं: जमिनीत कोबाल्टच कमी. पोटातले सूक्ष्मजीव कोबाल्टपासून बी-१२ जीवनसत्त्व बनवतात, ते नसेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही. गरज किती? किलोभर कोरड्या चाऱ्यामागे साधारण ०.१ मिलीग्रॅम! पुढे तिथल्या शास्त्रज्ञांनी कोबाल्टची जड गोळी काढली. ती मेंढीच्या पोटात बसून राहते आणि हळूहळू विरघळते. गोळीवर थर साचू नये म्हणून सोबत पोलादी स्क्रूही गिळवत, घासून ती साफ राहावी म्हणून.

तांब्याच्या तारेचे तुकडे
कॉपर ऑक्साइडच्या तारेचे बारीक तुकडे कॅप्सूलमधून देतात. ते चौथ्या कप्प्याच्या घड्यांत अडकतात, तिथल्या आम्लात विरघळतात आणि हिमोंकसची संख्या घटवतात. लहान आतड्यातल्या जंतांवर मात्र त्यांचा फारसा परिणाम नाही.

तेच तांबं, तेच विष
मेंढीला जादा तांबं सोसत नाही. ते यकृतात गुपचूप साठत जातं, मग एक दिवस रक्तपेशी फुटतात, कावीळ होते, लघवी गडद होते आणि जनावर दगावतं. म्हणून गाईचं किंवा कोंबडीचं खनिज मिश्रण मेंढीला देऊ नका. तारेचे तुकडेही पशुवैद्याला विचारूनच द्या.

मॉलिब्डेनमचा उलटा डाव
मॉलिब्डेनम तांब्याला बांधून ठेवतं, म्हणून त्याची ओळख तांब्याचा वैरी अशी. तरीही १९९० च्या दशकात स्कॉटलंडच्या मोरडन संस्थेतल्या प्रयोगांत मॉलिब्डेनम दिलेल्या कोकरांत जंत कमी आढळले. खनिजांचा हिशेब सरळ बेरजेचा नसतो, तो असा.

हाडांवर डल्ला
लहान आतड्यातला ट्रायकोस्ट्राँगायलस फॉस्फरसचं शोषण बिघडवतो. कोकराची भूक मंदावते, वाढ थांबते आणि हाडंही कमकुवत होतात. जंत पोटात, नुकसान सांगाड्यात!

पापणी उलटा, रंग बघा
दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या ‘फामाचा’ नावाच्या तक्त्यावर लालपासून पांढऱ्यापर्यंत पाच रंग असतात. खालच्या पापणीचा आतला रंग तक्त्याशी ताडायचा आणि फिकट दिसणाऱ्या जनावरालाच हिमोंकसचं औषध द्यायचं. सगळ्या कळपाला सरसकट औषध दिलं, तर औषधाला न जुमानणारे जंतच मागे उरतात.

फलटणची जुळी
फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या छोट्या गॅरोल मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणलं. गॅरोल हिमोंकसपुढे तग धरण्यासाठीही ओळखली जाते. विण्याच्या सुमारास मेंढीची प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि लेंड्यांतून जंतांची अंडी वाढतात. पोटात जुळी असतील तर तिच्या खुराकाकडे दुप्पट लक्ष हवं.

शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं
सगळ्यात आधी पोटभर प्रथिनं, कारण प्रतिपिंडं त्यांचीच बनतात. मग लेंड्यांची तपासणी, आणि आपल्या भागात जे खनिज कमी आहे तेवढंच, मापात, मेंढीसाठीच बनवलेल्या मिश्रणातून. धनगराची सगळी पुंजी कळपात असते. त्यातलं एकेक कोकरू वाचवण्यासाठी एवढी काळजी घ्यायलाच हवी.