एकट्याने न सुटणारा प्रश्न

कुत्र्यातही बुद्धत्व असते का? नवव्या शतकातील चिनी झेन गुरू जोशू यांना एका भिक्षूने हा प्रश्न विचारला, अशी कथा आहे. सर्व सजीवांत बुद्धत्व आहे, ही शिकवण भिक्षूला ठाऊक होती. जोशूंचे उत्तर मात्र एकाच अक्षराचे होते : ‘मू’, म्हणजे ‘नाही’. वूमेन हुइकाई यांनी १२२८ मध्ये सिद्ध केलेल्या ‘मुमोनकान’ या ४८ प्रसंगांच्या संग्रहात हा प्रसंग पहिला आहे. आजही अनेक झेन गटांत नव्या साधकाला पहिला ‘कोआन’, म्हणजे ध्यानात धरायचा प्रसंग, म्हणून हाच दिला जातो.

पुस्तकात वाचला की कोआन कोड्यासारखा वाटतो आणि वाचक उत्तर शोधू लागतो. जपानमध्ये १९१६ साली एका पुस्तकाने कोआनांची परंपरागत उत्तरेच छापून टाकली. १९७५ मध्ये ती इंग्रजीतही आली. तरीही हे शिक्षण बंद पडले नाही. गुरूचे लक्ष उत्तरापेक्षा ते देणाऱ्या माणसाकडे असते, आणि त्यासाठी समोरासमोर बसावेच लागते.

गटाची बैठक अगदी साधी असते. गोल गादीवर मांडी, ताठ पाठ, अर्धवट उघडे डोळे. साधारण २५ मिनिटे ‘झाझेन’, म्हणजे बसून ध्यान, मग घंटा, मग एका ओळीत सावकाश चालणे, पुन्हा बैठक. नवखा साधक श्वास मोजतो : एक ते दहा, मध्येच विसरला की पुन्हा एकपासून. कोआन मिळालेला साधक प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ‘मू’ मनात धरतो. अर्थ लावायचा नाही, सोडायचेही नाही.

याच वेळी एकेकाला ‘दोकुसान’साठी, म्हणजे गुरूंच्या एकांतभेटीसाठी बोलावले जाते. साधक आपला कोआन सांगतो आणि त्याचे आकलन शब्दांतून, हावभावातून किंवा कृतीतून दाखवतो. गुरू ते मान्य करतात, उलट प्रश्न टाकतात किंवा हातातली घंटी वाजवून परत पाठवतात. पुष्कळदा दोन-तीन मिनिटांत भेट आटोपते. आत काय झाले ते बाहेर बोलायचे नसते, त्यामुळे शेजाऱ्याच्या उत्तरावर कोणाचेच भागत नाही.

मग शेजारी हवेत कशाला? पाय भरून आले की घरी एकटा बसलेला माणूस उठतो. आजूबाजूचे स्थिर असले की तोच माणूस आणखी दहा मिनिटे टिकतो. घंटा कोणी वाजवायची, जेवण कोणी वाढायचे, झाडलोट कोणी करायची, याच्या पाळ्या लागतात. अनेक दिवसांच्या ‘सेस्शिन’ शिबिरात ही कामेही साधनेचाच भाग असतात. इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस काढलेल्या मराठी माणसाला सेस्शिनमधले मौन ओळखीचे वाटेल. कोआनाची तपासणी मात्र नवी असेल.

ही साधना मठाबाहेर, गृहस्थांपर्यंत नेण्यात ‘सान्बो क्योदान’ या संस्थेचा वाटा मोठा आहे. यासुतानी हाकुउन यांनी ती १९५४ मध्ये स्थापन केली. त्यांचे उत्तराधिकारी यामादा कोउन (१९०७–१९८९) संसारी होते. तोक्योतील एका वैद्यकीय संस्थेचा कारभार सांभाळून ते कामाकुरात साधकांना शिकवत. हिरोशिमाच्या अणुबाँबमधून वाचलेले जर्मन जेझुइट (ख्रिस्ती धर्मगुरू) ह्यूगो लासाल त्यांच्याकडे बसले. दुसऱ्या महायुद्धात जपानी नजरकैदेत झेनची ओळख झालेले अमेरिकन रॉबर्ट एटकेनही शिकले. त्यांनी पत्नी ॲन यांच्यासह १९५९ मध्ये होनोलुलूतील राहत्या घरी सुरू केलेल्या गटातून ‘डायमंड संघ’ उभा राहिला. भारतीय जेझुइट आमा सामी यांनी यामादांकडून शिकवण्याची परवानगी मिळवली आणि १९९६ मध्ये कोडाइकनालजवळ पेरुमलमलै येथे ‘बोधी झेन्दो’ सुरू केले. धर्म न सोडता शेजारी बसता येते, हे या माणसांनी कृतीने सिद्ध केले.

या परंपरेला काळी बाजूही आहे. यासुतानींच्या युद्धकाळातील उग्र राष्ट्रवादी लेखनाबद्दल त्यांच्याच संस्थेला पुढे जाहीर माफी मागावी लागली. सॅन फ्रान्सिस्को झेन सेंटरचे प्रमुख रिचर्ड बेकर यांच्या वर्तनावरून १९८३ मध्ये मोठे वादळ उठले आणि त्यांना पद सोडावे लागले. बंद खोलीतली भेट आणि गुरूचा अंतिम शब्द यांतून साधना खोल जाते. सत्तेचा गैरवापरही तिथूनच होऊ शकतो. म्हणून अनेक केंद्रांनी नंतर आचारसंहिता आणि तक्रारीची व्यवस्था केली.

गट निवडताना या गोष्टी संकोच न करता विचाराव्यात : शिकवण्याची परवानगी कोणी दिली, तक्रार कुठे करता येते, पैशांचा हिशेब सर्वांना दिसतो का, गट सोडणाऱ्याला कसे वागवले जाते. मानसिक आजारावर उपचार सुरू असतील तर सेस्शिनला बसण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. वरच्या प्रश्नांची उत्तरे सरळ मिळाली, तर मोठ्या शिबिराची घाई न करता आधी काही आठवडे एका संध्याकाळच्या बैठकीला नेमाने जाऊन पाहावे.