गिटारला बॉक्स कुठला घ्यायचा?

मित्रांनो, पेणहून निघून नागोठणं मागे टाकलं आणि सुकेळी खिंड उतरली, की कोलाडच्या अलीकडे आमचं खांब लागतं. गणपतीच्या दिवसांत इथे संध्याकाळी एका बाजूने पखवाज ऐकू येतो आणि दुसऱ्या बाजूने बेंजो. बेंजोवर तुम्ही नाचला असाल, पण तो जवळ जाऊन नीट पाहिलाय का कधी? वर टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा. जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता या माणसाने १९१२ साली ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य बनवलं, त्याचाच हा आपल्याकडचा वंशज. आपल्या वादकांनी त्याला पिकअप बसवला, वायर काढून मशीनला म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि पुढे कर्णा नाहीतर बॉक्स लावला. तेव्हा तारेचं वाद्य विजेवर वाजवायचं तर पुढे बॉक्स कुठला, हा प्रश्न आमच्या भागाला काही नवा नाही. गिटार नवी, एवढंच.

हाच प्रश्न घेऊन गेल्या मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चौथीत माझ्या वर्गात होता, आता अकरावीत आहे. काकाच्या बेंजो पार्टीत गिटार वाजवतो.

“बाई, माझा बॉक्स मुका आहे,” तो म्हणाला.

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून मी ते गिळलं. दोन वर्षं सुपाऱ्या वाजवून साठवलेल्या पैशांतून त्याने आधी एक वापरलेला डिजिटल मॉडेलर घेतला होता. मग एका दुकानातून चार स्पीकरचा भलामोठा बॉक्स. तो टेम्पोने महामार्गापर्यंत आणि तिथून मिनीडोअरमध्ये घालून घरी आणला. मॉडेलरची वायर त्यात खुपसली, तार छेडली, तर कान लावला तरच काहीतरी कुजबुज ऐकू येई! दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत घेत नाही. काका म्हणाले, आधी विचारायचं होतंस. हातात उरलेले पैसे थोडे आणि गणपती चार महिन्यांवर. दुसरी चूक परवडणारी नव्हती.

माझ्याकडेच का आला, असं वाटेल तुम्हाला. माझे वडील मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. मी कर्णे पुसत आणि वायरी गुंडाळत मोठी झाले. मॉडेलर मात्र माझ्यासाठीही नवीन होता. मग आम्ही दोघं बसलो शिकायला.

पहिली गोष्ट. बॉक्स मुका नव्हताच. गिटारच्या साध्या बॉक्समध्ये फक्त स्पीकर असतात, मशीन नसतं. मॉडेलरमधून निघणारा विजेचा इशारा अगदी दुबळा असतो. तो स्पीकर हलवू शकत नाही. मधे ताकद देणारं मशीन हवं, ज्याला पॉवर अ‍ॅम्प म्हणतात. बैलगाडी घेतली आणि बैल घ्यायचे राहिले, असं झालं होतं! काही बॉक्समध्ये मशीन आतच बसवलेलं असतं, त्यांना ‘पॉवर्ड’ किंवा ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणतात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: याच्या पोटात मशीन आहे का?

आता मुळात खोका लागतोच कशाला? स्पीकरमध्ये एक लोहचुंबक, एक तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटवलेला कागदाचा कोन असतो. वेटोळ्यातून वीज खेळली की कोन पुढेमागे हलतो आणि हवा हलवतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये याची जी रचना जगापुढे मांडली, तीच थोड्याफार फरकाने आजही चालते. पण गंमत बघा. कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची हवा विरळ होते. मागची लाट कडेने वळून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. सगळ्यात जास्त मरतात ते खर्जातले, जाड आवाज.

खोटं वाटतं? मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि सेलवर चालणाऱ्या एखाद्या जुन्या रेडिओतला स्पीकर, वायर न तोडता, बाहेर काढा. (विजेच्या बोर्डाला लावलेल्या कुठल्याही वस्तूवर हा प्रयोग करायचा नाही, बरं का!) नुसता हातात धरला तर आवाज पातळ, किरटा येईल. आता एका मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर घट्ट दाबून धरा. आवाज एकदम भरदार होतो. पुठ्ठ्याने मागच्या लाटेची वाट अडवली, म्हणून. बॉक्स हेच काम करतो. मागून पूर्ण बंद असलेला बॉक्स खर्ज घट्ट आणि ठोसेबाज देतो. मागून अर्धवट उघडा असेल तर आवाज खोलीभर पसरतो, पण खर्ज सैल होतो.

गिटारचा स्पीकर मात्र जरा वेगळ्याच स्वभावाचा. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकतो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्‌झच्या आसपास बोलते. गिटारसाठी बनवलेला बारा इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्‌झच्या वर झपाट्याने गप्प होतो. हा दोष वाटेल, पण तोच त्याचा गुण आहे. रॉकमध्ये आवाज मुद्दाम फाडतात, त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. तसा फाडलेला आवाज घरच्या म्युझिक सिस्टिमला थेट लावून बघा, मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा वाटेल. गिटारचा स्पीकर त्यातला वरचा चरचराट गाळून टाकतो. पिठाच्या चाळणीसारखा.

चार स्पीकरच्या बॉक्सची गोष्टही ऐका. लंडनमधल्या जिम मार्शलने १९६० च्या दशकात गिटारचे अ‍ॅम्प बनवायला सुरुवात केली. ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंडने त्याच्याकडे आठ स्पीकरचा एकच बॉक्स मागितला. तो उचलून उचलून सामान वाहणाऱ्यांच्या कमरा मोडायची वेळ आली, तेव्हा त्याचे चार-चार स्पीकरचे दोन बॉक्स करून एकावर एक रचले. रॉकच्या फोटोंत जी काळी भिंत दिसते, ती अशी उभी राहिली. आमच्या मुलानेही फोटो बघूनच बॉक्स घेतला होता.

मग मॉडेलर काय करतो? तो संगणकच. वेगवेगळ्या अ‍ॅम्पचे आणि बॉक्सचे आवाज गणिताने नकलतो. ‘लाइन सिक्स’ कंपनीची ‘पॉड’ नावाची लाल, राजम्याच्या दाण्याच्या आकाराची डबी १९९८ मध्ये आली. म्हणजे रोह्यापासून पुढे जाणारी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याच वर्षी. तेव्हापासून ही यंत्रं घरोघरच्या गिटारवाल्यांपर्यंत पोचली. बॉक्सची नक्कल कशी करतात, ते फार सुंदर आहे. रिकाम्या वर्गात एक टाळी वाजवा. मग मुलांनी भरलेल्या वर्गात वाजवा. टाळी तीच, पण ऐकू येते वेगळी. त्या एका टाळीच्या आवाजात खोलीचा सगळा स्वभाव उतरलेला असतो. तसाच खऱ्या बॉक्समधून एक क्षणभराचा आवाज सोडतात, पुढे ठेवलेल्या माइकने तो टिपतात आणि संगणक त्यावरून बॉक्सचा स्वभाव ओळखतो. याला ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ म्हणतात.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आम्ही त्याचा तो बॉक्स वडिलांच्या जुन्या मंडपाच्या शेडमध्ये नेला आणि तिथल्या मशीनला जोडला. आवाज आला, मोठा आला, पण घोंगडीखालून बोलल्यासारखा! मुलाचा चेहरा पुन्हा पडला. मी मॉडेलरच्या पडद्यावरची एकेक ओळ वाचत बसले. तेव्हा लक्षात आलं, मॉडेलरमध्ये बॉक्सची नक्कल चालू होती आणि पुढे खरा बॉक्सही होता. चहात आईने साखर घातलीय हे माहीत नसताना तुम्ही पुन्हा दोन चमचे घातलीत, तर कसा होईल? आवाज दोनदा गाळला जात होता. नकलेचं बटण बंद केलं, आणि शेडच्या पत्र्यावर बसलेले कावळे उडाले! तो इतका खूश झाला, की मला वाटलं प्रश्न सुटला.

पण काका शेजारी उभे होते. म्हणाले, “आता कोळीगीताचं वाजव. मग भजनाला लावतोस ना, ती साधी गिटार.” मॉडेलरमध्ये साध्या, लाकडी गिटारचाही आवाज असतो. तो या बॉक्समधून मातकट आला. तारेची छनछन नाहीच. कशी येणार? चाळणीतून तेवढंच खाली पडतं. काकांनी बेंजो लावून बघितला, तोही बसलेल्या घशाचा.

मित्रांनो, सगळा निर्णय इथे होतो, आणि तो कुठल्या कंपनीचा बॉक्स यावर नाही, तुम्ही काय वाजवता यावर होतो. एकाच जातीचा, रॉकचा किंवा ब्लूजचा आवाज हवा आणि छातीवर थाप पडल्यासारखी गिटार वाजायला हवी, तर गिटारचा बॉक्स घ्या, सोबत मशीन घ्या आणि मॉडेलरमधली नक्कल बंद ठेवा. दर गाण्याला वेगळा आवाज हवा असेल तर सपाट स्पीकर घ्या. सपाट म्हणजे दिलेला आवाज आपल्या पदरचं काही न घालता देणारा. त्यात मोठ्या स्पीकरबरोबर बारीक आवाजासाठी छोटा कर्णाही असतो, आणि मशीन बहुतेक वेळा आतच. तिथे नक्कल चालू ठेवायची. तीन सुपाऱ्यांत भजन, लग्न आणि मिरवणूक करणाऱ्या आमच्याकडच्या पार्टीला माझ्या मते दुसराच बरा. गिटारप्रेमी माझ्याशी भांडतील. भांडोत.

घेताना बॉक्सच्या पाठीवरचे आकडे वाचा. वॅट बघून हुरळू नका. ५० वॅटचं मशीन १०० वॅटचं केलं तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, दुप्पट मुळीच वाटत नाही. गिटारच्या स्पीकरवर ‘९७ डेसिबल’ किंवा ‘१०० डेसिबल’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर एवढा आवाज. १०० वाला स्पीकर निम्म्या वॅटमध्ये ९७ वाल्याची बरोबरी करतो! दुसरा आकडा ओहमचा. ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की मशीनला ४ ओहम दिसतात. दहावीतल्या मुलांनी गणित करून बघावं. मशीन ४ ओहमला चालणारं नसेल तर ते तापतं आणि जळतं. वडिलांनी अशी दोन मशिनं घालवली होती.

आणि आपला पाऊस! भुशाच्या फळीचा बॉक्स आमच्याकडे दोन पावसाळ्यांत कडेने फुगतो. प्लायवूड महाग, पण टिकतं. कागदाचा कोनही ओल पितो. कार्यक्रमाला बॉक्सवर इरल्यासारखं प्लास्टिक टाका, घरी आल्यावर मात्र ते काढून बॉक्स सुकू द्या.

बॉक्स नुसता बघून कधी घेऊ नये. आपली गिटार, आपला मॉडेलर घेऊन जा, जेवढ्या जोरात वाजवणार तेवढ्याच जोरात वाजवा आणि मग मित्राला वाजवायला सांगून स्वतः पंधरा पावलं लांब जा. फ्लेचर आणि मन्सन या दोघा शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय, की हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. घरी हळू वाजवून जमवलेला आवाज म्हणूनच मंडपात घुमतो. बारीक आवाज तर विजेरीच्या झोतासारखे सरळ जातात. कडेला उभ्या असलेल्याला बॉक्स मवाळ वाटतो, पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या पोराच्या कानात सुई जाते. त्या पोराचा विचार वाजवणाऱ्याने करायचा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपेक्षा जास्त ऐकू नये असं मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९७ डेसिबलला अर्धा तास! गेलेला कान परत येत नाही.

त्या चार स्पीकरच्या बॉक्सचं काय झालं, सांगायचं राहिलं. तो पनवेलच्या एका कॉलेजातल्या मुलांनी घेतला. ती फक्त रॉक वाजवतात आणि त्यांच्याकडे मशीन आधीच होतं. थोडं नुकसान झालं, पण घेणारी मुलं तो बॉक्स मिठी मारून घेऊन गेली. त्या पैशांत उरलेले घालून आमच्या मुलाने वापरलेला, पोटात मशीन असलेला बारा इंची सपाट बॉक्स घेतला. या वेळी दुकानात तीन तास वाजवून.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मी मंडपापासून वीस पावलांवर उभी राहून ऐकलं. बेंजो वेगळा, गिटार वेगळी, दोन्ही स्वच्छ. मुलगा रंगात आला होता. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवायचा नाही, असा २००० सालापासून नियम आहे. काही ठरावीक दिवशी सरकार सवलत देतं, पण तो दिवस त्यांतला नव्हता. काकांनी घड्याळ बघितलं, उठले आणि स्वतःच्या हाताने स्विच बंद केला. दहाला पाच मिनिटं कमी होती.