नाकामुरांचे दोन घोडे

इस्लामपूरच्या संभूआप्पा-बुवाफन उरुसात पाळण्यांपुढे पोरांची झुंबड उडते. पाळणा कुठल्या कारखान्यात बनला, हे कुणी विचारत नाही. तो उभा करणारा, वंगण घालणारा, पोरांना नीट बसवणारा माणूसच सगळ्यांना दिसतो. जपानची नामको कंपनी अशाच धंद्यातून उभी राहिली.

नामकोचे संस्थापक मासाया नाकामुरा शिकले जहाजबांधणी. युद्धानंतर त्या शिक्षणावर नोकरी मिळेना, म्हणून ते वडिलांच्या बंदूकदुरुस्तीच्या धंद्यात शिरले. १९५५ मध्ये तीन लाख येन भांडवलावर त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि नाणे टाकले की डुलणारे दोन घोडे योकोहामातल्या एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर बसवले. घोडे ते स्वतः पुसायचे, मुलांना घेऊन आलेल्या आयांची विचारपूस करायचे. पुढे मित्सुकोशीसारख्या नामांकित दुकानांची दारे उघडली, त्यात या वागण्याचा वाटा मला मोठा वाटतो.

१९७४ मध्ये अमेरिकेच्या अटारी या व्हिडिओ गेम कंपनीने जपानमधली तोट्यातली शाखा विकायला काढली. सेगा कंपनीने ५० हजार डॉलर देऊ केले, नाकामुरांनी त्याहून कितीतरी जास्त रकमेत सौदा केला. अटारीच्या यंत्रांचे जपानमधले वितरण त्यांच्या हाती आले. अटारीचा १९७६ चा ‘ब्रेकआउट’ हा गेम तिथे तुफान चालला, पण अटारीकडून हवा तेवढा माल येईना. तोवर नकली यंत्रांचा सुळसुळाट झाला. शेवटी नाकामुरांनी स्वतःच यंत्रे बनवायला घेतली आणि त्यावरून अटारीशी चांगलेच वाजले.

दुसऱ्याच्या मालावर विसंबून भागत नाही, हे नाकामुरांना तेव्हा कळले. १९७७ मध्ये तोरू इवातानी हा तरुण कंपनीत आला. त्याला पिनबॉल करायचा होता, मिळाला व्हिडिओ गेम. खेळघरांत पुरुषांचीच गर्दी असते, बायका-मुली फिरकत नाहीत, हे त्याला खटकत होते. त्यांनाही खेळावेसे वाटावे म्हणून त्याने खाण्याभोवती गेम रचला. तोच १९८० चा ‘पॅकमॅन’. अमेरिकेत तो मिडवे कंपनीने विकला. आता वितरक अमेरिकी होता.

यंत्रे सांभाळण्याच्या धंद्यातून उभी राहिलेली नामको एकटी नव्हे; कोनामी ही दुसरी जपानी गेम कंपनीही १९६९ मध्ये ओसाकात ज्यूकबॉक्स भाड्याने देण्या-दुरुस्त करण्यातूनच सुरू झाली. नामको २००५ मध्ये खेळणी बनवणाऱ्या बंदाईशी एक झाली. नाकामुरा २०१७ मध्ये गेले.