डुकरांतील जठराचे सूक्ष्मजंतुजन्य विकार

डुकराच्या जठरातील श्लेष्मकलेत (आतील बुळबुळीत अस्तरात) सूक्ष्मजंतूंनी वस्ती केल्यामुळे उद्‌भवणाऱ्या किंवा बळावणाऱ्या जठरशोथ (जठराची दाहयुक्त सूज), जठरव्रण इ. विकारांचा यात समावेश होतो. हे विकार बहुधा संथपणे वाढतात. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या जनावराची वाढ मंदावते, तर काही वेळा व्रणातील रक्तवाहिनी फुटून ते काही तासांतच मरते. हगवण व आंत्रशोथ हे मुख्यत्वे आतड्याचे रोग असले, तरी जठराच्या कार्यातील बिघाडाशी त्यांचा निकटचा संबंध आहे.

जठराची रचना : डुकराचे जठर माणसाप्रमाणे एककप्पी असते. ग्रसिका (अन्ननलिका) जठरात उघडते त्या मुखाभोवती साधारण चौकोनी आकाराचा एक लहान भाग असतो. त्याचे अस्तर त्वचेसारखे अनेकस्तरी असून त्यात ग्रंथी नसतात. त्यामुळे श्लेष्म्याचे (बुळबुळीत स्रावाचे) संरक्षण त्याला लाभत नाही. उरलेल्या भागात ग्रंथी असून त्यांपैकी मधल्या भागातील ग्रंथींमधून हायड्रोक्लोरिक अम्ल व पेप्सिन हे प्रथिनांचे पचन करणारे एंझाइम स्रवते. निरोगी जठरात अन्नाचे थर राहतात. वरच्या थरात अम्लता कमी, तर तळाशी ती तीव्र असते. हे थर मोडले की, अम्ल व पेप्सिन ग्रसिकामुखाजवळच्या असंरक्षित भागापर्यंत पोहोचतात. डुकरांतील बहुसंख्य जठरव्रण याच भागात आढळतात.

तीव्र अम्लता ही अन्नाबरोबर येणाऱ्या रोगजंतूंविरुद्धची पहिली तटबंदी होय. पिलाचे दूध तोडल्यावर काही दिवस त्याच्या जठरातील अम्लता अपुरी असते. या काळात एश्चेरिकिया कोलाय व साल्मोनेला हे सूक्ष्मजंतू जिवंत राहून आतड्यात पोहोचतात व हगवण लागते. साल्मोनेला रक्तात शिरल्यास जठराच्या अस्तरातही रक्ताधिक्य व ऊतकनाश आढळतो.

कारक सूक्ष्मजंतू : जठरातील तीव्र अम्लात सूक्ष्मजंतू टिकत नाहीत, असा समज दीर्घकाळ होता. १९८२ मध्ये पर्थ (ऑस्ट्रेलिया) येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी माणसाच्या जठरातून हेलिकोबॅक्टर पायलोरी हा सूक्ष्मजंतू वेगळा केल्यावर तो मागे पडला. या कार्याबद्दल त्यांना २००५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. डुकरांच्या जठरातील मळसूत्री आकाराच्या अशाच सूक्ष्मजंतूचे वर्णन १९९० मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी केले. मात्र प्रयोगशाळेत तो वाढविणे फार कठीण ठरले. २००८ मध्ये बेल्जियममधील गेंट विद्यापीठात अम्लयुक्त संवर्धन माध्यम वापरून हे साध्य झाले व त्याला हेलिकोबॅक्टर सुइस हे नाव देण्यात आले. तो यूरिएज हे एंझाइम निर्माण करतो. या एंझाइमामुळे यूरियापासून अमोनिया तयार होऊन सूक्ष्मजंतूभोवतीच्या अम्लाचे उदासिनीकरण होते व तो अम्लात तग धरतो.

दूध पिणाऱ्या पिलांत हा सूक्ष्मजंतू क्वचित आढळतो. दूध तोडल्यानंतर त्याचा प्रसार झपाट्याने होतो आणि कत्तलीच्या वयापर्यंत अनेक कळपांतील बहुसंख्य डुकरे बाधित होतात. तो अम्ल स्रवणाऱ्या कोशिकांच्या (पेशींच्या) निकट राहतो व त्यांच्या कार्यात बिघाड करतो. मात्र बाधित झालेल्या प्रत्येक डुकराला व्रण होत नाही आणि प्रायोगिक संक्रामणानेही दर वेळी व्रण निर्माण करता आलेले नाहीत. त्यामुळे तो व्रणाचे एकमेव कारण नसून इतर कारणांना बळ देणारा घटक मानला जातो. व्रण होणाऱ्या भागात आढळणाऱ्या फ्यूजोबॅक्टीरियम गॅस्ट्रोसुइस या जातीचे वर्णन २०१७ मध्ये करण्यात आले आहे.

साहाय्यक कारणे : यांत खाद्याच्या भरडीला सर्वाधिक महत्त्व आहे. ०·५ मिमी. पेक्षा बारीक कणांचे प्रमाण वाढले की, जठरातील अन्न पातळ होते, त्याचे थर मोडतात आणि व्रणांचे प्रमाण वाढते. उपवास हे दुसरे कारण होय; २४ तास खाद्य न मिळणेही व्रण उद्‌भवण्यास पुरेसे ठरू शकते. वाहतूक, दाटीवाटी, अतिउष्णता आणि श्वसनमार्गाचे रोग यांमुळे जनावर खाणे सोडते व हाच परिणाम घडून येतो.

लक्षणे व परिणाम : प्रारंभी ग्रसिकामुखाजवळचा पांढरा, गुळगुळीत भाग पिवळसर, जाड व भेगाळलेला होतो. पुढे अस्तराची झीज होऊन व्रण पडतो. या अवस्थेत भूक कमी होणे, दात खाणे, क्वचित ओकारी व वजन मंद गतीने वाढणे एवढीच लक्षणे दिसतात. हेलिकोबॅक्टर सुइसने प्रयोगात बाधित केलेल्या डुकरांची दैनंदिन वजनवाढ कमी भरल्याचे आढळले आहे. व्रणातून थोडा थोडा रक्तस्राव होत राहिल्यास विष्ठा डांबरासारखी काळी होते, त्वचा फिकट पडते आणि जनावर अशक्त होते. मोठा रक्तस्राव झाल्यास ते अचानक मरते. व्रण भरून येताना वण आकसून ग्रसिकामुख अरुंद झाल्यास जनावर भुकेले असूनही खाल्लेले ओकते व रोडावत जाते.

निदान : जिवंत जनावरात निदान करणे कठीण असते. काळी विष्ठा व फिकट त्वचा ही उपयुक्त चिन्हे होत. निश्चित निदान शवपरीक्षेत जठर उघडून पाहिल्यावर होते. अचानक आलेले मृत्यू केवळ व्रणामुळे झाले, असे गृहीत धरणे धोक्याचे असते. आफ्रिकी डुक्करज्वर या विषाणुजन्य रोगाचा भारतात २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात प्रथम उद्रेक झाला. त्यातही अचानक मृत्यू होतात. म्हणून पशुवैद्याकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील परिस्थिती : २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सु. ९०·६ लाख डुकरे होती. महाराष्ट्रात एकीकडे गावाच्या कडेने मोकाट चरणारी देशी डुकरे, तर दुसरीकडे कोठ्यात बांधून वाढविलेली यॉर्कशरसारखी विदेशी व संकरित डुकरे, असे पालनाचे दोन प्रकार आढळतात. मोकाट डुकराच्या खाण्यात चोथा भरपूर असल्याने बारीक भरडीमुळे होणाऱ्या व्रणाचा धोका त्याला कमी असतो. परंतु उकिरड्यावरील घाणीतून साल्मोनेला व जठरातील कृमी यांचा उपसर्ग त्याला सहज होतो. कोठ्यातील डुकरांच्या बाबतीत हे उलट असते.

यवतमाळ जिल्ह्यातील महागावसारख्या तालुक्यांत ज्वारी, तूर, सोयाबीन व कापूस ही पिके होतात. ज्वारी व तुरीची चुनी यांपासून डुकरांचे खाद्य स्थानिक पातळीवर तयार करता येते. मात्र धान्य पिठासारखे न दळता जाडसर भरडणे इष्ट असते. सोयाबीन भाजून किंवा पेंडीच्या रूपात द्यावे लागते. सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल हे द्रव्य डुकरांना विषारी असल्याने तिचा वापर टाळणे श्रेयस्कर. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४०° से. च्या वर जाते. डुकराला फारसा घाम येत नसल्याने ते दुपारी खाणे सोडते व संध्याकाळी एकदम अधाशीपणे खाते. म्हणून सावली, अंगावर पाण्याचा शिडकावा, पिण्यास भरपूर पाणी आणि सकाळ-संध्याकाळच्या थंड वेळी खाद्य देणे, हे तेथे रोगप्रतिबंधाचेच उपाय ठरतात.

उपचार व प्रतिबंध : रक्तस्राव होत असलेल्या जनावराला वेगळे, शांत व थंड जागी ठेवून जाडसर भरड आणि गवत किंवा कडबा देतात. अम्लस्राव रोखणारी औषधे खर्चिक असून ती कळपाला देणे व्यवहार्य नसते. सर्व कळपाला सरसकट प्रतिजैव पदार्थ देण्याने हेलिकोबॅक्टर सुइसचे कायमचे उच्चाटन होत नाही. उलट औषधाला न जुमानणारे सूक्ष्मजंतू निर्माण होण्याचा धोका वाढतो. माणसांतील गंभीर संक्रामणांवर अखेरचा उपाय असलेल्या कोलिस्टीन या प्रतिजैव पदार्थाचा अन्नोपयोगी पशूंसाठी वापर करण्यास भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. त्यामुळे योग्य भरड, ठराविक वेळी खाद्य, कोरडा व स्वच्छ कोठा, नव्या जनावरांना काही काळ वेगळे ठेवणे आणि उपाहारगृहांतील उरलेले अन्न उकळूनच देणे यांवर भर दिला जातो.

मानवी आरोग्य : हेलिकोबॅक्टर सुइस माणसाच्या जठरातही आढळला असून त्यामुळे जठरशोथ, व्रण व क्वचित जठरातील लसीकाभ ऊतकाचे अर्बुद (गाठ) होऊ शकते. डुकरांच्या निकट संपर्कातील लोकांना हा धोका अधिक असतो. कोठ्यातील कामानंतर साबणाने हात धुणे व मांस पूर्ण शिजवून खाणे आवश्यक असते. अशा रीतीने या विकारांचा प्रतिबंध पशुपालकाचे उत्पन्न आणि त्याच्या कुटुंबाचे आरोग्य या दोहोंच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.