धरणीच्या तालावर

अंगावरील संवेदकांच्या साहाय्याने नर्तकाच्या हालचालींतून ध्वनी वा प्रकाश निर्माण करता येतो. कॅटलान नर्तिका मून रिबास यांनी हा क्रम उलटा केला. २०१३ मध्ये त्यांनी हातात एक संवेदक बसवून घेतला. जगभरातील भूकंपांच्या नोंदी इंटरनेटद्वारे त्याच्यापर्यंत पोहोचत आणि भूकंपाच्या तीव्रतेनुसार तो कमीअधिक कंप पावे. ‘वेटिंग फॉर अर्थक्वेक्स’ या प्रयोगात त्या रंगमंचावर स्तब्ध उभ्या राहत. कंप जाणवला, की तेवढ्याच जोराची हालचाल करीत. धरणी शांत राहिली, तर नृत्यही होत नसे. २०१५ मध्ये नेपाळ हादरले, तेव्हाचा कंपही त्यांना जाणवला. त्या आपत्तीत सुमारे ९ हजार माणसे दगावली. संवेदक केवळ तीव्रता कळवतो. तिच्यामागील दुःखाचे भान नर्तिकेलाच बाळगावे लागते.